काजळवाडी केंद्राचा खरा आकडा

रजिया मॅडम आमच्या केंद्रावर रुजू झाल्या त्या दिवशी मी शाळेत नव्हतो. म्हणजे कागदावर होतो. शिक्षकांच्या हजेरीत माझ्या नावापुढं सही होती, आणि ती आमच्या मुख्याध्यापकांनी, शेषेराव गुरुजींनी, माझ्यासारखंच वळण काढून करून ठेवलेली होती. मी त्या वेळी लातूरहून निघालेल्या जीपच्या मागच्या फळीवर उभा होतो.

ही गोष्ट १९९६ च्या जूनमधली. लातूरच्या दहावी-बारावीच्या निकालांचा तेव्हा राज्यभर बोलबाला होता. नांदेड, परभणी, पार माहूरपासून आईबाप पोरांना घेऊन लातुरात यायचे, खोल्या भाड्यानं घ्यायचे आणि गल्लोगल्ली निघालेल्या क्लासांमध्ये त्यांना बसवायचे. मला गणित बरं शिकवता येतं. एका क्लासवाल्यानं पहाटे साडेपाच ते साडेआठ शिकवायला बोलावलं आणि मी जायला लागलो. तिथं नव्वद पोरं माझा शब्द झेलायला बसलेली असत. भादेवाडीच्या माझ्या दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीची मिळून अडतीस पोरं होती. शाळा साडेदहाची. क्लास सुटून जीप भरून निघेपर्यंत वेळ जायचा, मी सव्वाअकराला पोचायचो, कधी साडेअकराला.

त्या दिवशी दारात एक लुना उभी होती. आत माझ्या वर्गात फळ्यापाशी एक सडपातळ बाई उभ्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, साधी सुती साडी, डोक्यावरून पदर. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून त्या वजाबाकी शिकवत होत्या.

"शिवमूर्ती सर का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"या. हातच्याची वजाबाकी चाललीय. पुढं तुमी घ्या."

एवढं बोलून त्या पोरांच्या मागं पट्टीवर जाऊन बसल्या. मी शिकवलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाहेर लिंबाखाली बोलावलं.

"लातुरात किती पोरं असतात वर्गात?"

खोटं बोलायचं मी जीपमध्येच ठरवून आलो होतो. त्यांनी हा असा प्रश्न टाकल्यावर ते जमलं नाही. "नव्वद," मी म्हणालो.

"त्यांना येतंय?"

"येतंय. चांगलं येतंय."

"मग इथल्यांना काहून येईना?"

त्यांच्या हातात शेरेबुक होतं. तपासणीला येणारा साहेब त्यात शेरा लिहितो आणि तो शेरा पुढं नोकरीभर मागं लागतो. त्यांनी ते मिटून गुरुजींच्या हातात दिलं.

"आज मी लिहीत न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी मला सगळ्या शाळा बघायच्यात."

लुना गेल्यावर शेषेराव गुरुजी बराच वेळ दारात उभे होते. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. "उद्यापास्नं सही तुझी तूच कर बाबा," ते म्हणाले.

केंद्रप्रमुख हे पद तेव्हा नवंच निघालं होतं. आठ-दहा गावांच्या शाळा एका केंद्राला जोडायच्या आणि त्यांच्यावर एक माणूस नेमायचा. काजळवाडी केंद्रात नऊ शाळा होत्या, सत्तावीस शिक्षक. आधीचे केंद्रप्रमुख तालुक्याहून तक्ते आणायचे, आमच्याकडून भरून घ्यायचे आणि परत नेऊन द्यायचे. काम तेवढंच आहे असं आम्हीही धरून चाललो होतो. रजिया मॅडम औशाच्या. त्यांच्या नवऱ्याचं, मुज्तबाभाईंचं, तिथं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं. त्या रोज औशाहून लुनावर यायच्या आणि दिवसाला एक शाळा बघायच्या. अख्खा दिवस बसायच्या.

पंधरा ऑगस्ट झाल्यावर त्यांनी सगळ्यांना काजळवाडीला बोलावलं. तिथली जुनी दगडी शाळा त्र्याण्णवच्या भूकंपात तडकली होती. तिच्या अंगणात पत्र्याची शेड उभी केली होती आणि सगळं त्या शेडमध्येच चालायचं. मॅडम म्हणाल्या की तिसरी ते सातवीच्या प्रत्येक पोराची तपासणी करायची. लेखी पेपर नाही. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा समोर बसून वाचायचा आणि हातच्याची एक वजाबाकी करायची. दोन्ही आलं तर आलं, नाही तर नाही. आणि कुणीही आपल्या शाळेची तपासणी करायची नाही. चिठ्ठ्या टाकल्या. मला काजळवाडीची शाळा निघाली.

पाचवीच्या वर्गात जिक्रा नावाची एक मुलगी होती. तिनं उतारा घडाघडा वाचला, ओळीखाली बोट फिरवत. मला बरं वाटलं. मी पान उलटून म्हटलं, "हे वाच." तिनं पुन्हा बोट ठेवलं आणि आधीच्याच पानावरचा मजकूर पुन्हा घडाघडा म्हटला. पुस्तक तिला पाठ होतं. अक्षर एकही येत नव्हतं. मी हसलो, आणि तिचे शिक्षक किती आळशी असतील असं मनात म्हणत पुढच्या पोराकडं वळलो.

माझ्या शाळेची तपासणी कोंडाबाईंनी केली. कोंडाबाई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात साध्या बाई, दोन डोंगरांमधल्या वस्तीवरच्या शाळेत सतरा वर्षं शिकवत असलेल्या. संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, अडतीसपैकी पाच."

"पाच काय?"

"वजाबाकी आलेली पोरं. मी दोनदा घेतली. म्हटलं, माझ्याच सांगण्यात काही चुकायलंय का."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

नऊ शाळांची मिळून पोरं भरली सहाशे चौतीस. त्यांतली वाचता येणारी आणि वजाबाकीही येणारी एकशे एकाहत्तर. आम्हाला वाटलं, हा आकडा आपल्या आपल्यात राहील. मॅडमनी तो तालुक्याला पाठवायच्या मासिक अहवालात लिहिला.

तालुक्याच्या बैठकीला मुख्याध्यापक गेले होते. तिथं काय झालं ते शेषेराव गुरुजींनी मला सांगितलं. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी किती पोरांना येतं त्याचे केंद्रवार आकडे वाचले. ब्याण्णव टक्के, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. मग काजळवाडी, सत्तावीस. साहेब थांबले आणि म्हणाले, "मॅडम, लिहिताना हात घसरला का?" सगळी सभा हसली.

रजिया मॅडम उभ्या राहिल्या. "न्हाई साहेब. सत्तावीसच."

"सगळ्या जिल्ह्यात तुम्ही शेवटच्या. कळतंय ना? याच्यावर कारणे दाखवा नोटीस येईल."

"येऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "कारणं मला ठाऊक हायत. दाखवते."

नोटीस आलीच. तिची खबर आमच्यापर्यंत पोचली आणि पुढच्या बैठकीला सत्तावीसजण चिडून जमले. काजळवाडीचे मुख्याध्यापक व्यंकटराव आमच्यात बोलणारे. संघटनेत वजन असलेले, उंचेपुरे, आवाज खणखणीत. ते उभे राहूनच बोलले.

"मॅडम, तुमी आमची इज्जत काढली. इतर केंद्रात काय पोरं पंडित हायत का? त्यांनी शहाणपणानं लिहिलं, तुमी आमाला चव्हाट्यावर आणलं. वीस वर्षं नोकरी केली मी. माझ्या बायकोच्या माहेरचे लोक इचारायलेत, तुमच्या शाळेत काय चाललंय म्हणून. हे खरं लिहायची गरज कुणाला होती?"

मॅडम बसल्या जागेवरूनच बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"किल्लारीच्या बाजूला एका गावात मी चौथीला शिकवत होते," त्या म्हणाल्या. "गावाचं नाव सांगत न्हाई, ते आता त्या जागेवर न्हाई. गणपती बुडवून लोक झोपले आन् पहाटे भूकंप झाला. मी औशाला होते म्हणून वाचले. माझ्या हजेरीत एक्कावन्न नावं होती. एकोणीस मी माझ्या हातानं कमी केली. त्याचं काय सांगू. दुसरंच सांगायचंय."

शेडमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता.

"आमा शिक्षकांना छावणीत काम लावलं होतं. जखमी लोकांना लातूर, सोलापूर, उमरगा, जिथं जागा मिळंल तिथं नेलं होतं. त्यांच्या याद्या छावणीत फळ्यावर चिकटवलेल्या असायच्या. सहाव्या दिवशी तिथं मला महानंदा दिसली. माझ्या वर्गातली. चुलत्याजवळ होती. घरातलं कुणी वाचलं न्हाई, असं चुलता म्हणायचा. ती त्या यादीसमोर उभी होती. रोज येऊन उभी राहती, असं तिथल्या पोरांनी सांगितलं. मी यादी बघितली. वरनं तिसरं नाव तिच्या आईचं. सोलापूरचा दवाखाना, वार्डाचा नंबर, सगळं लिहिलेलं. मी म्हटलं, अगं, वाचलं न्हाईस का? ती म्हणाली, बाई, मला वाचता येत न्हाई."

पाण्याचा तांब्या जवळ होता, पण त्यांनी घेतला नाही.

"चुलत्यालाही येत नव्हतं. आई जिती होती. कंबर मोडली होती, पण जिती होती. तिलाही सांगितलं होतं की पोर गेली. सहा दिवस मायलेकी एकमेकींना मेलेल्या धरून बसल्या. आन् व्यंकटराव, त्या पोरीला तिसरीच्या वार्षिकला मीच मराठीत एकसष्ट मार्क दिले होते. इतर सगळे देतात म्हणून. साहेबाला बरं दिसतं म्हणून. ते एकसष्ट मार्क मी लिहिले नसते आन् तिला येत न्हाई असं लिहिलं असतं, तर कुणीतरी तिला शिकवलं असतं. मीच शिकवलं असतं."

व्यंकटराव अजून उभेच होते. मग खाली बसले.

"नोटिसीला उत्तर मी देते," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कुणाचं नाव त्यात येणार न्हाई. आकडा माझा हाय. पण फेब्रुवारीत आपण पुन्हा मोजायचं. आता सांगा, कुणाला काय चांगलं येतंय?"

हा प्रश्न आम्हाला नोकरीत कुणी विचारला नव्हता. कोंडाबाईंना लहान पोरांना अक्षरं लावून द्यायला जमायचं, गाणी म्हणत, मातीत बोटानं गिरवून घेत. ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या वस्तीवर कुणी जातच नव्हतं. ठरलं असं की सगळ्या नऊ शाळांत पहिला तास फक्त वाचनाचा आणि वजाबाकी-बेरजेचा. त्या तासाला इयत्ता मोडायच्या. ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करायचे, मग पाचवीतली जिक्रा पहिलीच्या पोरांजवळ बसली तरी चालेल. त्या तासात कुणी तक्ता भरायचा नाही, कुणी चहा मागवायचा नाही. सगळ्यात मागं राहिलेल्यांचा गट मॅडम स्वतः घेणार, रोज एका शाळेत. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांनी काजळवाडीला यायचं आणि आपल्याला जे जमतं ते इतरांना शिकवायचं.

"शिवमूर्ती सर, गणित तुमचं," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. पण शनिवारी दुपारी लातुरात माझी जादा तुकडी असायची. पहिल्या शनिवारी मी गेलो नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. मॅडमनी काही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी नव्वद पोरांपुढं उभा होतो, अवघड उदाहरण सोडवत होतो, पोरं भराभर उतरवून घेत होती. आणि मला कळलं की ही पोरं मी नसलो तरी शिकतील. त्यांच्या मागं घर होतं, पुस्तकं होती, दुसरे चार मास्तर होते. भादेवाडीच्या तेहतीस पोरांच्या मागं गणिताला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी पाऊण तास उशिरा जात होतो. दिवाळीच्या सुट्टीत मी क्लास सोडला. मालक म्हणाला, "सर, लोक नोकरी सोडून इकडं यायलेत आन् तुमी उलटे चाललात." मी म्हटलं, हाव, उलटाच चाललोय.

पहिले दोन महिने शाळांचा मेळच बसत नव्हता. एका गावात पहिला तास साडेदहाला सुरू व्हायचा, दुसऱ्यात पावणेअकराला, कारण प्रत्येक शाळेचं भिंतीवरचं घड्याळ आपापली वेळ दाखवायचं. दोन तर बंदच होती. एका रविवारी मुज्तबाभाई लुनाच्या मागं बसून आले, गुडघ्यावर अवजारांची डबी. नवराबायको दिवसभर नऊ गावं फिरले. संध्याकाळपर्यंत नऊही घड्याळं सारखी चालू लागली. आमच्या शाळेत ते शेवटी आले. स्टुलावर चढून घड्याळ टांगत मला म्हणाले, "सर, घड्याळ बिघडलं तर मला एक किल्ली लागते. तुमच्या बाईंना रात्री झोपेत पोरांची नावं आठवतात, त्याला माझ्याकडं औजार न्हाई." मॅडम बाहेरून म्हणाल्या, "चला हो, अंधार पडायलाय."

फेब्रुवारीत मोजलं तेव्हा दोनशे अठ्ठ्याण्णव आले. तेही मॅडमनी तसेच लिहिले.

त्याच सुमारास संगप्पांची तक्रार आली. संगप्पा काजळवाडीतले मोठे शेतकरी, ऊस होता, माणूस सज्जन पण हट्टी. त्यांची मुलगी आरती तिसरीत होती आणि नऊही शाळांत तिच्यासारखी हुशार पोर नव्हती. ते शनिवारी आमच्या बैठकीतच आले.

"मॅडम, पुढच्या साली चौथीची स्कॉलरशिप हाय. दहा हुशार पोरं काढा, वेगळी बसवा, सरांना त्यांच्यावर लावा. लातुरात असंच करतात. आन् माझी पोर पयल्या तासाला दुसऱ्या पोरांना वजाबाकी शिकवायली म्हणं. ती शिकाया येती का शिकवाया?"

"दोन्हीला," मॅडम म्हणाल्या.

"मग मी तिला लातूरला ठेवतो. तिच्या मावशीकडं."

"ठेवा. पोर तुमची हाय. पण जायच्या आधी एक दिवस वर्गात येऊन बसा. पयल्या तासाला. मग ठरवा."

संगप्पा सोमवारी आले. शेडच्या मागच्या कडेला मांडी घालून बसले. त्या दिवशी आमचा तास गुरुजींवर सोपवून मी तिथं आलो होतो. आरतीच्या समोर जिक्रा बसली होती, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि वितीनं उंच. आरतीनं त्रेचाळीसमधून अठरा वजा करून दाखवले. जिक्रा म्हणाली, "तिनातून आठ जात न्हाईत, मग दहा उसने घेतले. पण घेतले कुठनं?" आरती अडली. ती ते उदाहरण झटक्यात करायची, पण कुठून घेतले हे तिला सांगता येईना. मग तिनं कडब्याच्या काड्या घेतल्या, दहाच्या चार जुड्या केल्या, एक जुडी सोडली आणि मोकळ्या काड्या जिक्रापुढं ठेवल्या. ठेवताना तिलाच ते पहिल्यांदा दिसलं. तिचं तोंड बघून मला कळलं. संगप्पांनाही कळलं असावं. आरती लातूरला गेली नाही. आठवड्यानं त्यांच्या बैलगाडीतून काजळवाडीच्या शेडसाठी उसाच्या पाचटाच्या पेंढ्या आल्या, पत्र्यावर अंथरायला. उन्हाळ्यात त्यामुळं शेडमध्ये बसता येऊ लागलं.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये तीनशे एक्याण्णव. आणि १९९८ च्या फेब्रुवारीत सहाशे एक्केचाळीसपैकी पाचशे त्रेपन्न. हा आकडा तालुक्याला गेला आणि आता उलटंच झालं. सत्तावीस टक्के कुणी तपासायला आलं नव्हतं. शहाऐंशी टक्के लिहिल्यावर जिल्ह्याहून पथक आलं. न कळवता आलं. दोन जीपा, पाच माणसं, त्यांत एक वयस्क उपशिक्षणाधिकारी. आमचे आकडे बनवलेले आहेत अशी कुणीतरी तक्रार केली होती.

मॅडम त्या दिवशी कोंडाबाईंच्या वस्तीवर होत्या. निरोप गेला तशा धुळीनं माखून काजळवाडीत आल्या. उपशिक्षणाधिकारी साहेब म्हणाले, "आम्ही आमच्या मनानं पोरं निवडणार. उतारा आमचा, वर्तमानपत्रातला. चालेल ना?"

"चालेल साहेब," मॅडम म्हणाल्या आणि पिशवीतून एक वही काढून त्यांच्यापुढं ठेवली. "ह्या अठ्ठ्याऐंशी पोरांना येत न्हाई. गाव, इयत्ता, काय येतं, काय येत न्हाई, सगळं लिहिलंय. ह्यांच्यावर तुमचा वेळ जाऊ देऊ नका. बाकीच्यांतली कुणीही घ्या."

साहेबांनी वही चाळली. बराच वेळ चाळली. "तुम्ही होऊनच नापासांची यादी देताय," ते म्हणाले.

"नापास न्हाईत साहेब. राहिलेले हायत."

दोन दिवस पथक नऊ गावांत फिरलं. त्यांनी साठ पोरं निवडली. सत्तावन्न पोरांनी वर्तमानपत्रातला उतारा वाचला. पावसाची बातमी होती, बाजारभाव होते. वजाबाकीही केली. शेषेराव गुरुजींना त्या दिवशी ताप होता तरी ते शाळेत येऊन बसले होते. आमच्या चौथीतल्या एका मुलानं "कापसाची आवक घटली" वाचून साहेबांना विचारलं, आवक म्हणजे काय? साहेबांनी त्याला समजावून सांगितलं. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते.

तीन पोरं अडखळली. व्यंकटराव मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरली असतील. पुन्हा घ्यायला सांगा की." मॅडमनी त्या तिघांना जवळ बसवलं, आपलं पुस्तक दिलं, हळूहळू वाचून घेतलं. मग वही मागून घेतली आणि शेवटी तीन नावं लिहिली. "एक्याण्णव झाले साहेब," त्या म्हणाल्या. "पाचशे त्रेपन्न न्हाई, पाचशे पन्नास धरा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग शेरेबुक मागितलं. शेरा लांबलचक नव्हता. "आकडे खरे आहेत. वही पाहावी," एवढंच लिहून सही केली. जाताना ते व्यंकटरावांना म्हणाले, "तीस वर्षांत मला कुणी आकडा कमी करून दिला नव्हता."

पथकाचा अहवाल वर गेला तरी दुसऱ्या केंद्रांत फार काही बदललं नाही. दोन केंद्रप्रमुख मात्र आपणहून आले, शनिवारी आमच्यात बसले आणि आपल्याकडं तशी मोजणी केली. त्यांचेही आकडे आधी कोसळले. मॅडम त्यांना म्हणाल्या, "पयलं साल लई वाईट जातं. जाऊ द्या."

जूनमध्ये स्कॉलरशिपचा निकाल लागला. वेगळी तुकडी न काढता केंद्रातली सहा पोरं यादीत आली, आरती जिल्ह्यात चौथी. लातूरच्या एका क्लासनं आपल्या पत्रकात तिचा फोटो छापला. उन्हाळ्यात पंधरा दिवस ती मावशीकडं होती तेव्हा तिथं एकदा बसली होती म्हणे. संगप्पा ते पत्रक घेऊन स्वतः लातूरला गेले आणि फोटो काढून टाकायला लावून परत आले. बसमधून उतरले ते सरळ शाळेत. "माझी पोर कुठं शिकली ते मी बघितलंय, म्हटलं त्यास्नी," एवढं मॅडमना सांगून घरी गेले.

मॅडमना आदर्श पुरस्कार मिळाला नाही. त्यासाठी स्वतःचा प्रस्ताव स्वतःच तयार करून द्यावा लागतो. आम्ही दोनदा आग्रह केला. त्या म्हणाल्या, बघू, आणि ते राहून गेलं. २००१ च्या जूनमध्ये त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उदगीरच्या पलीकडं. तिथल्या गावांत पोरं घरी कन्नड बोलतात नाही तर तेलुगू, आणि शाळेत मराठी. निरोपाला नऊ गावांतून माणसं आली होती. शेषेराव गुरुजी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तेही काठी टेकत आले. मॅडमनी व्यंकटरावांच्या हातात वही दिली. तिच्यात अजून राहिलेल्या चव्वेचाळीस पोरांची नावं होती. "ह्यातली दोन पोरं शाळा सोडून गेलीत, ऊसतोडीच्या टोळीबरोबर," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी, टोळी निघायच्या आत, त्यांच्या आज्ज्यांना भेटा. आज्जी पोराला गावात ठेवून घेती, बाप न्हाई ऐकत."

नवा माणूस येईपर्यंत केंद्राचा भार व्यंकटरावांकडंच आला. ज्यांनी सगळ्यांदेखत इज्जतीचा हिशेब मागितला होता त्यांच्याकडंच. पहिलं वर्ष त्यांना जड गेलं. दोन शिक्षकांची बदली झाली, एक जागा रिकामी राहिली, पाऊस कमी पडल्यानं टोळ्या लवकर निघाल्या. फेब्रुवारीत मोजलं तेव्हा आकडा आधीच्या वर्षापेक्षा एकोणतीसनं खाली आला होता.

शनिवारी आम्ही शेडमध्ये बसलो होतो. एक नवा तरुण शिक्षक म्हणाला, "सर, एकोणतीसच तर हायत. गेल्या सालासारखाच लिहून टाकू. कुणाला कळणार?" व्यंकटरावांनी अहवालाचा कागद घेतला, खरा आकडा लिहिला, खाली सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "वाचून बघा, अंक बरोबर पडलेत का," ते म्हणाले.

मग ते गावातल्या फोनच्या दुकानात गेले आणि उदगीरकडं मॅडमना फोन लावला. मी सोबत होतो. त्यांनी आकडा सांगितला आणि ऐकत राहिले. नंतर खिशातून चिठ्ठी काढून गावांची नावं वाचून दाखवली, कुठं किती कमी झाले ते. फोन ठेवून ते बाहेर आले.

"काय म्हणल्या?" मी विचारलं.

"कोंडाबाईच्या वस्तीवर अकरा कमी झालेत, तिथनं सुरुवात करा म्हणल्या. कोंडाबाईची तब्येत बरी नसंल, आधी तिला इचारा म्हणल्या."

सोमवारी आम्ही दोघं साडेनऊलाच वस्तीवर पोचलो. कोंडाबाईंना खरंच महिनाभर कंबरदुखी होती आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसून शिकवत होत्या, खाली मातीत बसायला जमत नव्हतं. व्यंकटरावांनी धोतर आवरलं, पोरांच्या मध्ये मांडी घातली आणि बोटानं मातीत मोठा क काढला. कोंडाबाईंनी खुर्चीवरून सांगत त्याचं वळण सुधारून घेतलं.